डोळे मिचकवा!

निवृत्त माणसाला घरात दोनच जागा असतात, एक खुर्चीत आणि दुसरी वाटेत. मी दुसरीत जास्त सापडायला लागलो, तेव्हा बायकोनं मला आमच्या पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फॉर्म आणून दिला. संघ विरंगुळा केंद्रात भरतो. आमचा संघ म्हणजे नुसता हास्यक्लब आणि वाढदिवसाचे पेढे नव्हे. पेठेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं आणणं, ज्यांना जिना उतरवत नाही त्यांना दवाखान्यात नेणं, अपंगांच्या दाखल्यांचे अर्ज भरणं, अशी कामं करणारं एक मदतपथक त्यात आहे. साठ पूर्ण झाल्याबरोबर मी त्यात स्वयंसेवक झालो. मदतीला जाणारे आम्ही साठीचे, मदत घेणारे ऐंशीचे. पथकप्रमुख बाई सत्त्याहत्तरच्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "सोपं काम देऊ."

पहिलं सोपं काम चाकाच्या खुर्चीचं होतं. पायाच्या दुखण्यानं घरात अडकलेल्या एका आजोबांना केळकर रस्त्यापलीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. आता पुण्याचा फुटपाथ तुम्हाला माहीत आहे. तो मध्येच उंच होतो, मध्येच संपतो, त्यावर एक झाड, एक डीपी आणि दोन स्कूटर कायमच्या राहायला असतात. मी छाती काढून खुर्ची ढकलत निघालो आणि फुटपाथ संपला तिथं सरळ पुढे उतरवायला गेलो. आजोबा पुढे, खुर्ची मागे, आणि त्यांचा शर्ट माझ्या मुठीत अशा अवस्थेत आम्ही काही क्षण थांबलो. आजोबा शांतपणे म्हणाले, "उतरताना खुर्ची उलटी फिरवायची असते. मोठी चाकं आधी. आणि तुम्ही माझ्या पाठीशी, समोर नाही." मी खुर्ची फिरवली. परत येताना ब्रेक लावून लिंबू सरबत घ्यावं म्हटलं, तर मी ब्रेक लावला असं मला वाटलं होतं. नशिबानं आजोबा तेव्हा बाकावर बसले होते. रिकामी खुर्ची उतारानं निघाली आणि एका भाजीवालीच्या मेथीत जाऊन थांबली. मेथीच्या सात जुड्या मी विकत घेतल्या. त्या आठवड्यात आमच्याकडे मेथी होती.

पथकप्रमुखांनी मला बसून करायचं काम दिलं, ते हयातीच्या दाखल्याचं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षभर जिवंत राहिलात हे पुरेसं नसतं, ते नोव्हेंबरात सिद्ध करावं लागतं. राज्य सरकारचे पेन्शनर बँकेत जाऊन यादीवर सही करतात. केंद्राच्या ऐंशी वर्षांपुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. जे बँकेपर्यंत जाऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला आहे. आधी त्याला अंगठा लागायचा. पण म्हातारपणी बोटांच्या रेघा झिजतात आणि यंत्र काही ओळखत नाही. मग लोक अंगठा केसांवरून फिरवून तेलकट करतात आणि पुन्हा लावतात. मला टक्कल आहे, त्यामुळे तो उपाय मी कुणाला दाखवू शकलो नाही. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही भागतं.

यात एक अट आहे. दुसऱ्याचा दाखला करणाऱ्यानं, म्हणजे ऑपरेटरनं, आधी स्वतःचा चेहरा दाखवून स्वतःची ओळख पटवून द्यायची. मी केंद्रातल्या टेबलाशी बसलो, खिडकीकडे पाठ करून, ऐटीत. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. मी मिचकावले. फोननं नाकारलं. मी हसून मिचकावले, चष्मा काढून मिचकावले, शेवटी नुसतेच मिचकावत राहिलो. पलीकडच्या कॅरमवरून कुणीतरी विचारलं, "ह्यांना काही त्रास आहे का?" नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. दुसऱ्याच वर्षी मी उत्साहानं रांग लावून काढलेल्या माझ्या आधारवर केस आहेत. मला वाटलं, दोष त्या केसांचा आहे. सरकारदरबारी जिवंत आहे तो केसवाला, आणि मी कुणीतरी तोतया.

समोर ऑपरेटरकाका बसले होते. ते टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर होते म्हणून ऑपरेटरकाका. जन्मापासून दिसत नाही. वय त्र्याऐंशी. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं तोंड करून बसलाय?"

"तुमच्याकडे."

"माझ्या गालाला ऊन लागतंय. म्हणजे ते तुमच्या पाठीवर आहे. यंत्राला तुमच्याऐवजी खिडकी दिसत असणार. फिरा."

मी फिरलो. फोननं मला पहिल्या फटक्यात ओळखलं.

गंमत म्हणजे हा 'डोळे मिचकवा'चा हुकूम काकांना स्वतःला पाळता येत नाही. ज्यांचे डोळे मिटलेलेच आहेत, किंवा ॲसिडहल्ल्यात पापण्याच गेल्यात, त्यांनी काय मिचकावायचं? मोबाइलवरची ओळखपडताळणी अशा लोकांनाही करता येईल अशी असली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं आणि वीस निर्देश दिले. तो निकाल काकांनी मला तोंडपाठ ऐकवला. ते स्वतः अजून अंगठ्यावरच आहेत. ब्रेल वाचणारी बोटं, यंत्र लगेच मानतं.

एकदा ऑपरेटर झाल्यावर मी अनावर झालो. पहिली स्वारी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे. शहाऐंशी वर्षं, कुटुंबनिवृत्तिवेतन, ऐकू जवळजवळ नाही. लाकडी जिना, धरायला दोरखंड. मी वर पोचलो तेव्हा दाखला कुणाचा आधी करावा असा प्रश्न होता. फोन आजींसमोर धरला आणि ओरडलो, "आजी, डोळे मिचकवा!" आजी म्हणाल्या, "चहा? टाकते." मी आणखी जोरात ओरडलो. मग करून दाखवलं, आधी दोन्ही डोळे, मग घाईत एकच. चौकात नळावर भांडी घासणं थांबलं. आजी माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "मेल्या, या वयात?" आणि आश्चर्यानं दोनदा डोळे मिचकावले. काम झालं. ही बातमी मी घरी पोचायच्या आत पोचली होती.

पण त्याआधी ओटीपीचा घोळ झाला होता. आजींच्या कागदांवर नंबर मुलाचा, आणि मुलगा न्यू जर्सीत. मी फोन लावला. इकडे दुपारचे बारा म्हणजे तिकडे रात्रीचा दीड, हे गणित मला नंतर सुचलं. पलीकडून झोपेतला, घाबरलेला आवाज आला, "काय झालं? आई...?" मी म्हणालो, "नाही नाही, त्या हयात आहेत. तेच सिद्ध करतोय." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं सहा आकडे सांगितले.

त्यानंतर पथकप्रमुखांनी वाटणी बदलली. फोन आता ऑपरेटरकाका चालवतात. त्यांचा फोन पडद्यावरचं सगळं इतक्या भराभर बोलून दाखवतो की आम्हाला शब्द कळत नाही, त्यांना स्वल्पविरामही कळतात. मी फक्त ऑपरेटर म्हणून माझा चेहरा दाखवतो, फोन पेन्शनरसमोर धरतो आणि काकांना त्यांच्या घरी सोडतो. पहिल्या दिवशी त्यांचा दंड पकडून ओढायला लागलो, तर त्यांनी सोडवून घेतला आणि माझं कोपर धरलं. "मी धरणार, तुम्ही नाही." मग मी दर पावलाला खड्डा, पायरी, सायकल, कुत्रं असं समालोचन सुरू केलं. लक्ष्मी रस्त्यावर ते थांबले. म्हणाले, "जरा गप्प बसा. तुमच्या बोलण्यानं मला रस्ता ऐकू येत नाही."

तर ज्यांचा दाखला राहिला असेल त्यांनी आधार, बँकेचं पासबुक आणि पीपीओ नंबर घेऊन मंगळवारी सकाळी दहा ते बारा विरंगुळा केंद्रात यावं. काकांना भेटावं. मी खिडकीपासून लांब, चहाच्या किटलीशी असतो.