पुरवणीशिवाय खेळ अपूर्ण : धाटावच्या होतकरू प्रकाशकांसाठी सहा सूचना

धाटाव एमआयडीसीत प्लॉट मिळत नसेल आणि प्रदूषण मंडळाच्या चकरा नको असतील, तर टेबलावरच्या भूमिकाखेळांचे नियम छापून विकावेत. या खेळात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तीत योद्धे-मांत्रिक होतात आणि अडले की फासे टाकतात. कच्चा माल म्हणजे कल्पनाशक्ती; ती गिऱ्हाईक घरून आणते. सांडपाणी शून्य. कृती पुढीलप्रमाणे.

१. माल एकगठ्ठा देऊ नये. धाटावकराला हे शिकवायला नको : ड्रममधला माल बाटलीत गेला की लिटरचा भाव बदलतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला तो तीन पातळ पुस्तिकांचा खोका होता. किंमत १० डॉलर, फासे वेगळे. मग सुधारित खेळाची जाड पुस्तके निघाली : राक्षसांचे १९७७ मध्ये, खेळाडूंचे १९७८ मध्ये, खेळ चालवणाऱ्याचे १९७९ मध्ये. आधी राक्षस, मग लढणारे, शेवटी पंच. क्रम लक्षात ठेवावा.

२. प्रगतीवर जकात बसवावी. याच खेळाच्या १९८३ च्या लाल खोक्यात नायक तिसऱ्या पातळीपर्यंतच वाढायचा. चौथीपासून निळा खोका, पंधरावीपासून हिरवा, सव्विसावीपासून काळा. अमरत्व हवे असेल तर १९८६ चा सोनेरी. लाल खोक्यात फासे होते, पण त्यांवरचे आकडे रंगवलेले नव्हते. सोबत मेणाचा खडू दिलेला. तो खाचांत घासून वरचा पुसला की आकडा उमटे. कारखान्याचे शेवटचे काम गिऱ्हाइकाने केले आणि त्याचे पैसेही त्यानेच भरले.

३. स्थानिक पुरवणी काढावी. रोह्याजवळच्या अवचितगडावर बारा कोनांचा तलाव आहे आणि या खेळात बारा बाजूंचा फासा असतो. असा योगायोग फुकट घालवू नये. गडाचा नकाशा मात्र पुढच्या पुरवणीत द्यावा.

४. नियम मधेच तोडावा. ‘नायक कुंडलिका नदीत पडल्यास जलपुरवणी पाहा’ एवढेच लिहावे. नायक आज ना उद्या पडतोच.

५. आवृत्ती बदलत राहावे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २००० साली तिसरी आली आणि २००३ मध्ये साडेतीनावी. साडेतीन मुहूर्त मानणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकाला हा आकडा मुळीच खटकणार नाही. २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी, २०२४ मध्ये पाचवीच, पण सुधारून. जुनी पुस्तके चालतील असे सांगावे. नवी जास्त चालतील असे सुचवावे.

६. थोडे फुकट वाटावे. २००० साली त्या खेळाच्या मालकांनी इतरांनाही पुरवण्या काढायचा खुला परवाना दिला. पुरवण्या इतरांच्या, पण त्या वापरायला मूळ पुस्तक मालकांचेच लागे. दानधर्म असा हिशेबात बसवावा.

एक मजकूर मात्र खोक्यावर कधीही छापू नये. तो असा : पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०१४ पासून फुकट मिळतात. कागद, पेन्सिल, फाशांचा एक संच आणि गोष्ट रंगवणारा एक मित्र एवढ्यावर खेळ वर्षानुवर्षे चालतो. वाचकहो, पहिले पुस्तक खेळून झिजल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. आमचा धंदा बसला तरी चालेल.