पत्त्याच्या रंगीत चौकटीस खुले पत्र

प्रति,
मा. रंगीत चौकट,
मुक्काम 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळाचा प्रत्येक पत्ता

स.न.वि.वि.

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला, तेव्हापासून आपण पत्त्यापत्त्याभोवती इमानाने उभ्या आहात, आणि पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा या पाच रंगांपैकी पत्ता कोणत्या रंगाचा, हे नवखा खेळाडू आपल्याच तोंडाकडे पाहून ठरवतो. या मानाबद्दल आपले अभिनंदन करण्याचा हेतू होता. तथापि नियमपुस्तक चाळता असे आढळते की या बाबतीत आपल्याला कवडीचाही अधिकार नाही.

पत्त्याचा रंग ठरवते ती सहसा वरच्या उजव्या कोपऱ्यात असलेली चिन्हांची चिमुकली रांग, म्हणजेच मॅनाखर्च. मॅना हे पत्ता खेळण्यासाठी मोजावे लागणारे बळ असून ते मुख्यतः 'लँड' म्हणजे जमिनीच्या पत्त्यांतून मिळते. त्या रांगेत लाल चिन्ह असेल तर पत्ता लाल, लाल आणि पांढरे असे दोन्ही असेल तर तो दोन्ही रंगांचा. अशा वेळी आपण जो सोनेरी शालू नेसता तो 'नाव सोनूबाई' याच जातीचा, कारण सोनेरी नावाचा रंगच या खेळात नाही.

जमिनीवरील आपली कामगिरी तर विशेष उल्लेखनीय आहे. 'फॉरेस्ट' हिरवा मॅना देतो, त्यावर चित्र झाडांचे असते आणि आपणही हिरव्या होता. परंतु जमिनीला मॅनाखर्च नसल्याने हा पत्ता रंगहीन ठरतो, आणि रंगहीन असणे हा काही सहावा रंग नव्हे. हाच न्याय काळा मॅना देणाऱ्या 'स्वॉम्प'लाही लागू आहे. 'कमाल, फिस्ट ऑफ क्रोसा' या पत्त्याने त्या दलदलीला घटकाभर सजीव केले, तर केवळ काळा नसलेल्या जिवाचाच नाश करू शकणारा 'डूम ब्लेड' तिला बिनदिक्कत कापून काढतो.

मॅनाखर्चाचा शब्दही अखेरचा नाही, एवढेच आपले समाधान. २००७ च्या 'फ्युचर साइट' संचातील 'घोस्टफायर'च्या खर्चात लाल चिन्ह असूनही तो पत्ता स्वतःला रंगहीन जाहीर करतो, आणि म्हणून लाल रंगापासून संरक्षण लाभलेल्या जिवालाही भाजतो. त्याच संचातील 'ड्रायड आर्बर' ही जमीन असून, खर्च नसतानाही हिरवी आहे. अशा पत्त्यांसाठी पुढे प्रकाराच्या ओळीत रंगदर्शक ठिपका देण्याची पद्धत आली. आपल्याएवढ्या ऐसपैस चौकटीला जे जमले नाही ते एका ठिपक्याने केले.

शंभर पत्त्यांच्या 'कमांडर' प्रकारात तर रंगाशेजारी 'रंग-ओळख' नावाची दुसरी मोजणी असते, जिच्यात पत्त्यावरील मजकुरातली मॅनाचिन्हेही धरली जातात, मात्र कंसातील स्पष्टीकरणातली नाहीत. त्यामुळे डेकची, म्हणजे पत्त्यांच्या गड्डीची, म्होरकी होऊ शकणारी 'अलेशा, हू स्माइल्स अ‍ॅट डेथ' रंगाने निव्वळ लाल, पण मजकुरातल्या चिन्हांमुळे ओळखीने लाल, पांढरी आणि काळी ठरते. रंगहीन म्हणून नुकताच निर्दोष सुटलेला 'फॉरेस्ट' येथे ओळखीने हिरवा निघतो आणि म्होरक्याच्या ओळखीबाहेरचा रंग डेकमध्ये चालत नसल्याने अलेशाच्या डेकमध्ये त्याला प्रवेश नाकारला जातो.

सबब, पुढील छपाईत 'फॉरेस्ट'भोवती आपण कोणता रंग धारण करणार, हे आगाऊ लेखी कळवावे, म्हणजे नियमपुस्तकाला त्याकडे रीतसर दुर्लक्ष करता येईल.

कळावे,
डोळ्यांवर विसंबणाऱ्या तमाम खेळाडूंच्या वतीने