खुर्चीतले पन्नास तास

अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्य सरकार देतं आणि बहुतेक राज्यांत तो ठरावीक वर्षांनी नव्यानं करून घ्यावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यासाठी पाच वर्षांत प्रशिक्षणाचे १५० गुण जमवायचे असतात. ढोबळमानानं एक तास, एक गुण. त्यातले १५ गुण घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना कसं शिकवावं यावरचे, आणखी १५ अपंग मुलांच्या शिक्षणावरचे. टेक्सासमध्येही पाच वर्षांत १५० तास. इलिनॉयमध्ये १२०. न्यूयॉर्कमध्ये १००. मग टेक्सासचा शिक्षक न्यूयॉर्कच्या शिक्षकाच्या दीडपट चांगला शिकवतो, असं समजायचं का?

तसं कुणीच म्हणत नाही. मग हा आकडा येतो कुठून? तास मोजता येतात, तिथून. हजेरीच्या कागदावर सही झाली की तास झाला. वर्गात काय बदललं हे पाहायचं तर वर्गात जावं लागतं, मागच्या बाकावर बसावं लागतं, मुलांच्या वह्या उघडून पाहाव्या लागतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. खात्याला सही सोपी पडते. म्हणून नियमात सही येते.

शिक्षकानं शिकत राहायला हवं, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पंधरा वर्षांपूर्वी डी.एड. झालेल्या माणसानं त्याच टिपणांवर आजची पहिली चालवू नये. पण त्याच्या शिकण्याच्या नावाखाली त्याचा वेळ खायचा आणि वर त्यालाच प्रमाणपत्र द्यायचं, हा उद्योग थांबला पाहिजे. तो वेळ मुलांचा असतो.

अमेरिकेनं या उद्योगाचा हिशेब करून पाहिला आहे. ‘टीएनटीपी’ या संस्थेनं २०१५ साली तीन मोठ्या शालेय जिल्ह्यांतल्या दहा हजारांहून अधिक शिक्षकांचा अभ्यास केला. शिक्षक घडवण्यावर तिथं दर शिक्षकामागे वर्षाला सुमारे १८,००० डॉलर खर्च होत होते. दोन-तीन वर्षांत ठळक सुधारणा दिसली ती दहांतल्या साधारण तिघांत. त्याहून बोचरी गोष्ट पुढेच आहे. ते तिघे सुधारले ते नेमकं कोणत्या प्रशिक्षणामुळे, हे संशोधकांना सांगता आलं नाही. सुधारलेले आणि न सुधारलेले, दोघांनीही जवळपास तेच केलं होतं, तेवढेच तास बसले होते.

आता आपल्याकडे या. आपल्या शिक्षकाला परवाना नाही, त्यामुळे नूतनीकरणही नाही, असं वरवर वाटतं. पण अट वेगवेगळ्या दारांनी आत आलेली आहे. शिक्षक पात्रता परीक्षेचं, म्हणजे टीईटीचं, प्रमाणपत्र आधी सात वर्षं चालायचं, २०२१ मध्ये केंद्रानं ते आजन्म केलं. मग १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांसह निकाल दिला, की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. पाच वर्षांचे २५० होतात. टेक्सासला आपण केव्हाच मागे टाकलं.

महाराष्ट्रात परवान्याच्या नूतनीकरणाला सगळ्यांत जवळची गोष्ट म्हणजे चटोपाध्याय. शिक्षकांच्या खोलीत ‘तुझी चटोपाध्याय लागली का?’ असं विचारलं की नवख्यालाही कळतं. प्रा. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचं नाव असं वेतनश्रेणीला चिकटलं. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचं. प्रशिक्षण वेळेवर लागत नाही म्हणून श्रेणी अडते, श्रेणी अडते म्हणून पगार अडतो, आणि शिक्षक संघटनांची निवेदनं निघत राहतात. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा शिक्षकांकडून दोन हजार रुपये शुल्क घेतलं गेलं. सक्ती सरकारची आणि पैसे शिक्षकाचे! कोणत्याही खात्यानं आपल्या नोकराला कामाचं शिक्षण द्यावं आणि त्याचं बिल त्याच्याच हातात ठेवावं, हे मला अजिबात पटत नाही. आणि ज्या प्रशिक्षणाला पगारवाढ बांधलेली आहे, तिथं माणूस पगारवाढीसाठी बसतो. त्यात त्याचा दोष नाही. दोरी तशी बांधली आहे.

‘निष्ठा’ ही शिक्षक प्रशिक्षणाची योजना घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ४२ लाख शिक्षकांना शिकवण्याचं उद्दिष्ट ठेवून केंद्रानं ती सुरू केली. आधी समोरासमोर, मग करोनामुळे ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर. शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. यातले काही घटक खरोखर चांगले आहेत. मूल पायाभूत वाचनात कुठे अडखळतं, यावरचा मजकूर मन लावून वाचावा असा आहे. पण तो वाचायचा कधी? टेबलावर मोबाइलमध्ये व्हिडिओ चालू, हातात पोषण आहाराची नोंदवही, एका बाजूला सरकारच्या यू-डायससाठी शाळेची माहिती भरणं, आणि समोर चौथीची मुलं. मग शिक्षकांच्या मोबाइल गटावर चाचणीची उत्तरं येतात, स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांना जातो, केंद्रप्रमुखांची टक्केवारी तालुक्याला जाते, तालुक्याची जिल्ह्याला. जिल्हा शंभर टक्के! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे. ती मनाई आधी पाळा, मग शिक्षक व्हिडिओ पुढे का पळवतो हे विचारा.

समोरासमोरच्या प्रशिक्षणाचीही गोष्ट फार वेगळी नाही. राज्यात शिकलेला जिल्ह्याला शिकवतो, जिल्ह्यातला तालुक्याला, तालुक्यातला शिक्षकाला. गटसाधन केंद्राच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत मूळ विषयाचा रस आटलेला असतो आणि सुलभकाच्या हाती फक्त पीपीटी उरलेली असते. तो बिचारा स्लाइड वाचतो. अपूर्णांक शिकवताना एक छेद तीन हे एक छेद दोनपेक्षा मोठं का वाटतं, हा मुलांचा रोजचा घोळ तिथं कुणी काढतच नाही. तो घोळ ज्या खोलीत होतो, ती खोली पंधरा किलोमीटर लांब असते.

जपाननं हे सगळं करून पाहिलं आणि सोडून दिलं, म्हणून जपानकडे पाहायला हवं. एप्रिल २००९ पासून तिथं शिक्षकाचा परवाना दहा वर्षांचा झाला. मुदत संपायच्या आधीच्या दोन वर्षांत विद्यापीठात ३० तासांची व्याख्यानं ऐकायची. जुने परवाने असलेल्यांना ती पस्तिशी, पंचेचाळिशी, पंचावन्नच्या टप्प्यांवर. खर्च साधारण ३० हजार येन, शिक्षकाच्या खिशातून. उन्हाळ्याची सुट्टी त्यात जायची. तारीख विसरली की परवाना रद्द आणि परवान्याबरोबर नोकरी. चांगले शिक्षक केवळ एका तारखेपायी वर्गाबाहेर गेले. निवृत्त किंवा मध्येच नोकरी सोडलेल्या शिक्षकांचे परवाने संपले होते, त्यामुळे कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं तर बदली शिक्षक मिळेना. २०२१ च्या शालेय वर्षारंभी सरकारी शाळांत दोन हजारांहून अधिक जागी शिक्षकच नाही, अशी अवस्था खुद्द शिक्षण मंत्रालयाच्या पाहणीत दिसली. अखेर १ जुलै २०२२ रोजी जपाननं नूतनीकरणाची ही पद्धत बंद केली. तेरा वर्षं चाललेला कायदा सरकारनंच मागे घेतला. एवढा प्रामाणिकपणा मला आपल्या एखाद्या शासन निर्णयात पाहायचा आहे.

खरी गंमत ही, की उत्तर जपानच्या शाळांत शंभर वर्षांहून अधिक काळापासून होतंच. चार-पाच शिक्षक एकत्र बसून एका पाठाची आखणी करतात. त्यातला एक जण तो वर्गात शिकवतो. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात आणि शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहतात: कोण कुठे थांबलं, कुणी काय खोडलं, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं. मग चर्चा होते आणि पाठ बदलतो. स्टिगलर आणि हीबर्ट यांनी १९९९ मध्ये ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकातून हे अमेरिकेला सांगितलं.

आणि हे महाराष्ट्रात जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये ते जमलं होतं. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी मुलांच्या आपलं आपण शिकण्यावर वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येऊ लागले. कुणाच्या सक्तीनं नाही. आले, वर्गात बसले, मुलांना प्रश्न विचारले, तिथल्या बाईंना विचारलं, ‘हे तुमच्याकडे कसं झालं?’ ज्या शिक्षकाला आपण प्रशिक्षणात झोपतो म्हणून नावं ठेवतो, तोच शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहायला दोनशे किलोमीटर जातो. त्याला शिकायचं असतं. आपण त्याला चुकीच्या खोलीत बसवतो.

कुमठ्याची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती दुखरी आहे. वर्गभेटींची लाट आली तशी वरून मोहीमही आली, आणि कितीतरी शाळांत फक्त फरशा रंगल्या. जमिनीवर आकृत्या आल्या, अंक आले, बाराखडी आली, फोटो वर गेले. शिकवणं होतं तिथंच राहिलं. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यास एकत्र करून हेच पाहिलं. जाणत्या मार्गदर्शकानं वर्गात येऊन शिक्षकाबरोबर काम केलं तर शिकवणं स्पष्टपणे सुधारतं, मुलांचं शिकणंही सुधारतं. पण कार्यक्रम मोठा केला की परिणाम घटतो. म्हणजे एका रात्रीत राज्यभर काढलेल्या आदेशानं हे होणार नाही. एका केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या, मापाचं हे काम आहे, आणि माप वाढवायचं तर माणसं वाढवावी लागतील.

आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला ठरलेली आहे. सांगाडा तयार आहे! पण बहुतेक परिषदांत परिपत्रकं वाचली जातात आणि कोणती माहिती कोणत्या तारखेला भरायची हे सांगितलं जातं. एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, तो तरी काय करणार? ही परिषद वर्गात घ्या. पहिला तास एका शिक्षकाचा खरा पाठ, खऱ्या मुलांसमोर. उरलेला वेळ त्या पाठावर आणि त्या मुलांच्या वह्यांवर. परिपत्रकं मोबाइलवर जाऊ द्या, ती तिथंच बरी.

वर्षाच्या ५० तासांपैकी निदान अर्धे असे शाळेतले धरले जावेत, आणि त्यांची नोंद शिक्षकांच्या गटानं लिहिलेल्या पाठाच्या टिपणानं व्हावी. स्क्रीनशॉट नको. वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी शिक्षकाकडून शुल्क घेणं बंद व्हावं, आणि प्रशिक्षण खात्यानं वेळेत लावलं नाही तर श्रेणी पात्रतेच्या तारखेपासूनच मिळावी.

राहता राहिली खरी अडचण. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. अशा शाळेतली एक बाई शेजारच्या शाळेत पाठ पाहायला गेली तर तिचा वर्ग दुसऱ्या गुरुजींच्या गळ्यात पडतो, आणि ते एकाच वेळी चार-पाच इयत्ता सांभाळत बसतात. म्हणून प्रत्येक केंद्राला एक फिरता शिक्षक द्या. कुणी पाठ पाहायला गेलं की त्याचा वर्ग घेणं, एवढंच त्याचं काम. त्याला निवडणुकीचं किंवा कार्यालयाचं दुसरं काही लावायचं नाही. जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकात त्याच्या मानधनाची ओळ घाला. प्रशिक्षणाचे फ्लेक्स, फोल्डर आणि उद्घाटनाचे हार यांवर जाणारे पैसे इकडे वळवले तरी पहिल्या काही केंद्रांत जूनपासून सुरुवात करता येईल.