पानगळ पाहायला झुंबड

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा कँकमॅगस हायवे म्हणजे लिंकन ते कॉनवे असा सुमारे ५५ किलोमीटरचा घाटरस्ता. वाटेत पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, बऱ्याच टापूत मोबाइलला रेंजही नाही. ही शांतता अनुभवायला ऑक्टोबरच्या जोडसुट्टीत निम्मं बोस्टन एकाच सकाळी निघतं.

वाटेतल्या सॅबडे धबधब्यापाशी पार्किंगसाठी रांग लागते. रांगेत बोस्टनचं मराठी कुटुंबही असतंच. डिकीत चिवडा, थर्मासात चहा आणि मागच्या सीटवरून 'बाबा, अजून किती वेळ?'

पानांचं म्हणाल, तर हरितद्रव्य सरतं आणि आत उन्हाळाभर दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र झाड ऐन पानगळीत नव्याने बनवतं. थोडक्यात, झाडं दुकान बंद करत असतात आणि गिऱ्हाईक सेल लागल्यासारखं धावतं.

रस्त्याला नाव कँकमॅगस या पेनाकूक या मूलनिवासी जमातीच्या प्रमुखाचं. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांशी लढून अखेर तो उत्तरेकडे निघून गेला. आता त्याच्या नावाच्या ८७० मीटर उंच खिंडीत सेल्फीसाठी धक्काबुक्की.

जायचंच असेल तर मंगळवारी जा, आणि टाकी लिंकनलाच भरून घ्या.