हात होऊन गेल्यावर

गणपतीचा दुसरा दिवस. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पावसानं वीज गेली आहे. समई विझू द्यायची नाही म्हणून जागरण आणि जागरण आहे म्हणून पत्ते. ओटीवर चटई पडते, उलट्या वाटीवर मेणबत्ती चिकटते आणि भाऊकाका बनियनवर येऊन मांडी ठोकतात. मग उरलेल्या तीन जागांसाठी घरातल्या बावीस माणसांत चढाओढ लागते. ती दोनच जागांसाठी असते. काकांच्या विरुद्ध बसायला सगळे तयार, त्यांचा भिडू व्हायला कोणी नाही. शेवटी मुंबईहून आलेला, आदल्या वर्षीचं विसरलेला एखादा पुतण्या सापडतो. यंदा तो मी होतो.

डाव अर्थात मेंढीकोट. काकांसमोर त्याला ‘मेंडीकोट’ म्हणू नये. ‘ढ आहे तो, ढ! तुमच्यासारखा!’ असं ऐकावं लागतं. बावन्न पानं, चौघं, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. दश्शीला इथे मेंढी म्हणायचं. चारातल्या तीन मेंढ्या ज्यांनी नेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या तर समोरच्यांवर कोट. आणि एकदा कोट चढला की तो पुढच्या गणपतीपर्यंत उतरत नाही. जेवताना, आंघोळीच्या रांगेत, विसर्जनाच्या वाटेवर कोणीही त्याची आठवण काढू शकतं.

या नावाचा अर्थ काका दरवर्षी सांगतात, पण तो डावाच्या निकालावर अवलंबून असतो. काका जिंकत असले की कोट म्हणजे किल्ला. ‘चारही मेंढ्या तटाच्या आत कोंडल्या, दरवाजा बंद!’ हरत असले की कोट म्हणजे अंगात घालायचा कोट. ‘मेंढीची लोकर, लोकरीचा कोट, साधी गोष्ट आहे. त्यात एवढं हसण्यासारखं काय?’ एकदा मी शहाणपणा करून सांगितलं की इंग्रजीत राजा-राणी-गुलामाच्या पानांना आधी ‘कोट कार्ड’ म्हणत, चित्रातल्या लोकांच्या पोशाखावरून, आणि त्याचंच पुढे ‘कोर्ट कार्ड’ झालं. काकांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. ‘इथूनच नेलं असेल त्यांनी. काय ठेवलं इथे?’

मेंढीचा अर्थ मात्र ते कायम एकच सांगतात, आणि तो मला पटतो. दश्शीला किंमत आहे, पण अंगात जोर नाही. गुलाम तिला मारतो, राणी मारते, राजा आणि एक्का तर मारतातच. हुकमाची दुर्रीसुद्धा तिला उचलून नेते. सगळा डाव तिच्यासाठी आणि ती बिचारी कोणाच्याही मागे जाते. तिला सांभाळून घरी आणणारा तो खेळाडू. ‘मेंढपाळ व्हा,’ काका म्हणतात. ‘पत्ते काय, कोणीही टाकतो.’

काकांची स्मरणशक्ती दांडगी आहे. धाकट्या मुलाची यत्ता त्यांना कधीच आठवली नाही. शाळेत सही करायला गेले आणि भलत्याच वर्गात जाऊन बसले. पण १९९४च्या गणपतीत सातव्या हाताला बदाम नव्वी कोणी टाकली, का टाकली आणि त्याऐवजी काय टाकायला हवं होतं, हे त्यांना तोंडपाठ. अडचण एवढीच की ही सगळी बुद्धी हात होऊन गेल्यावर जागी होते. हात चालू असताना ते तुमच्या-आमच्यासारखेच चाचपडतात. चार पानं पडली, काकूनं हात उचलून मांडीखाली सारला, की काकांना दिसायला लागतं. ‘इस्पिक का टाकलंस? वहिनीकडे इस्पिक संपलंय हे आंधळ्याला दिसत होतं!’ आंधळ्याला दिसत असेल. तो खेळायला बसला नव्हता.

आता खुणांविषयी. डावात खुणा करणं हलकटपणाचं आहे असं काका डावाआधी जाहीर करतात आणि मग मला माजघरात नेऊन शिकवतात. कान खाजवला तर किलवर. गुडघा चोळला तर इस्पिक. खोकलो तर बेधडक मेंढी सोड, हात माझा आहे.

आमच्याकडे बंद हुकूम खेळतात. हुकूम करणारा एक पान पालथं ठेवतो. ज्याच्याकडे उतारीचं पान नसेल तो म्हणतो, हुकूम उघडा. त्या रात्री हुकूम काकूचा होता. तीन हात सरळ गेले. चौथ्याला काकांनी बदामाचा एक्का उतरला, वहिनीनं पंजी टाकली आणि माझी पाळी आली. माझ्या हातात बदामाची मेंढी होती, सोबत सत्तीही होती. मी काकांकडे बघितलं. बाहेर पाऊस धो-धो पडत होता, दारातून गार वारा आला आणि काका खोकले.

मी मेंढी सोडली.

काकूनं पानं नीट जुळवून घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘बदाम नाही हो माझ्याकडे. उघडते हं.’ पालथं पान उलटलं तर जोकर निघाला. आमच्या कॅटातली चौकट तिर्री उंदरानं कधीच नेली आहे. तिच्या जागी हा जोकर खेळतो, त्याच्या टोपीवर निळ्या बॉलपेननं ‘चौ. ३’ लिहिलेलं आहे. त्या विदूषकानं काकांचा एक्का कापला आणि माझी मेंढी नेली. बाकीच्या तिघी तिच्या मागोमाग गेल्या.

‘मेंढी का सोडलीस?’ काका ओरडले.

‘तुम्ही खोकलात!’

ओटीवर एकदम शांतता झाली. काकांना फार उशिरा कळलं की मी काय बोलून गेलोय.

‘मला सर्दी आहे,’ ते म्हणाले.

‘परवापासून आहे,’ काकूनं पत्ते गोळा करत साक्ष दिली. ‘काढा देते म्हटलं तर नको म्हणाले. हरलेल्यांनी पिसायचं ना? घ्या.’

त्यानंतरचे चार डाव काका एकदाही खोकले नाहीत. घशात घरघर व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, मेणबत्तीच्या उजेडात चेहरा तांबडा-जांभळा व्हायचा, पण खोकला बाहेर पडला नाही. कान खाजवायचेही थांबले. डास चावत होते तरी.

दोनच्या सुमाराला समईत तेल घालून सगळे आडवे झालो. एका रांगेत गाद्या, एका टोकाला मी, मग काका, पलीकडे मुलं आणि त्यापलीकडे काकू. माझा डोळा लागणार तेवढ्यात कानाशी कुजबुज आली.

‘झोपलास का रे?’

मी घोरायला लागलो.

‘चौथ्या हाताचं सोड. पण किलवरची राणी कुणाकडे होती? ती तुझ्याकडे असती तर...’

‘माझ्याकडे होती,’ अंधारात पलीकडच्या टोकाहून आवाज आला. ‘झोपा आता. आणि खोका बिनधास्त.’