चिरंजीवांचा स्वावलंबी डबा : नवशिक्या पालकांसाठी

आपलं मूल स्वतःचा डबा स्वतः भरतं, असं चारचौघांत सांगता आलं पाहिजे. आणि तो डबा पौष्टिकच असतो, हेही सांगता आलं पाहिजे. मूल तो डबा खातं का, असं अजून कुणी विचारत नाही, म्हणून तो भाग या अभ्यासक्रमातून वगळला आहे. घाबरू नका. खालचे धडे क्रमाने गिरवा.

1. आधी डबा विकत आणा. दहा वर्षं तुमची शाळा ज्यावर निघाली तो स्टीलचा दोन ताळी डबा चालणार नाही. त्याला कप्पे नाहीत. नव्याला निदान पाच कप्पे हवेत. पाचही मिळून दीड पोळी मावत नाही, पण तो आपला विषय नव्हे. डब्यावर 'लीकप्रूफ' असं लिहिलेलं असेल. मटकीची उसळ हे वाचत नाही, तेव्हा दप्तरात डब्याशेजारी भूगोलाची वही ठेवावी. गणिताची जपावी.

2. रविवारी संध्याकाळी घरात बैठक घ्या आणि आठवड्याचा तक्ता करा. आधार म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचना समोर ठेवा. दिवसभराच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा, असं त्यात म्हटलं आहे. हे मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना स्वतःच्या पुढ्यातली बटाटेवड्यांची बशी जरा मागे सरकवा. मग मुलाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य द्या : दुधी की पडवळ? त्याने 'नूडल्स' म्हटलं, तर प्रश्न पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावर मूल दुधी म्हणतं. यालाच निर्णयक्षमता म्हणतात.

बैठकीला आजींना बोलावू नका. 'तूप-गुळाची पोळी गुंडाळून द्या, खाईल मुकाट्याने,' असं त्या एका वाक्यात सांगतील आणि तक्त्याची गरजच उरणार नाही.

3. आता सकाळ. सगळी परीक्षा इथेच. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य शासनाने 2024 मध्ये सांगितलं; तुमचे चिरंजीव पाचवीत असल्याने व्हॅन सहा पन्नासला येते. त्यांना साडेपाचला उठवा. एका पायात मोजा घालून ते उघड्या फ्रिजसमोर उभे राहतील आणि आतल्या दिव्याकडे बघत राहतील. बघू द्या. हे मुलाचं काम आहे, तुम्ही अजिबात हात लावायचा नाही.

फक्त कणीक तेवढी तुम्ही मळा, कारण तो ओटा चिकट करतो. पोळ्या तुम्हीच लाटा आणि भाजा, कारण गॅसजवळ मुलांना जाऊ देऊ नये. गाजरं तुम्ही कापा, सुरी धारदार असते. भाजीची फोडणी अर्थातच तुमची. भरताना तो सांडतो, तेव्हा कप्पेही तुम्ही भरा आणि कडा पुसून घ्या. झाकण मात्र त्यानेच लावलं पाहिजे. इथे माया आड येऊ देऊ नका. झाकणाचा 'टक्' असा आवाज त्याच्याच हातून आला पाहिजे, आणि नेमका त्याच क्षणी फोटो काढायचा आहे. बोट डब्यावर दिसलं पाहिजे, मोजा दिसता कामा नये. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकताना खाली एवढंच लिहा : 'आज सगळं त्याचं त्याने केलं. आम्ही बघतच राहिलो.'

बाबांनी काय करायचं, असा प्रश्न नेहमी येतो. बाबांनी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचं, 'अगं, त्याचं त्याला करू दे ना!' ही जबाबदारी पेलताना चहा निवतो, याची आम्हाला कल्पना आहे.

4. पौष्टिक खाऊ कसा ओळखावा? पाकिटावर गव्हाची ओंबी असली की पौष्टिक. पाकीट उलटून बघू नये. मागे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि ओंबीवाल्या कितीतरी बिस्किटांत पहिला मान मैद्याला असतो, मागोमाग साखर आणि पामतेल. चॉकलेटी पावडरीच्या डब्याबद्दल मनात शंका असेल, तर तो वरच्या फळीवर ठेवा. केंद्र सरकारनेही 2024 मध्ये ऑनलाइन दुकानदारांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रांगेतून काढायला सांगितलं. त्यांनी रांग बदलली, तुम्ही फळी बदला. पावडर तीच राहते, काळजी नसावी.

5. छोट्या सुट्टीत तुम्ही हजर नसता, हे या पद्धतीचं मोठं बलस्थान. तिथे बाजार भरतो. मेथीच्या थालीपिठाला केळ्याचे चार वेफर, नाचणीच्या लाडवाला नुसती सहानुभूती, आणि शुक्रवारी कुणाच्या डब्यात इडली-चटणी आली तर त्या बाकापाशी रांग. शाळा सीबीएसईची असेल, तर हा व्यवहार साखरेचे दुष्परिणाम सांगणाऱ्या फलकाखाली चालतो. मंडळाने 2025 मध्ये असे फलक लावायला सांगितले आहेत. उंची मोजायलाही बरे पडतात. ज्या मुलाचा डबा आईने सरळ बटाट्याची भाजी आणि पोळी घालून दिला आहे, तो या बाजारातला सावकार. त्याच्याशी मैत्री ठेवायला सांगा.

शाळा सुटल्यानंतरचं शिक्षणही महत्त्वाचं. फार तेलकट, गोड, खारट पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. 50 मीटर म्हणजे पाचवीतल्या मुलाची पाऊणशे-ऐंशी पावलं. मापन हा पाठ पाठ्यपुस्तकातून जे मूल शिकत नाही, ते वडापावच्या गाडीपर्यंत चालत शिकतं.

6. संध्याकाळी डबा परत येतो. भरलेला आला, तर उघडण्यापूर्वी खिडकी उघडा. रिकामा आला, तर आनंद माना आणि चौकशी टाळा. तरीही राहवलंच नाही आणि विचारलंत, तर उत्तर येईल : भेंडी व्हॅनकाकांना आवडते. रोजची गवार, दुधी, पडवळसुद्धा. 'तुझी आई छान करते,' असंही ते म्हणाले आहेत.

तेव्हा पुढच्या रविवारच्या तक्त्याची एक प्रत व्हॅनकाकांनाही पाठवा. आणि त्यांना कारलं चालतं का, एवढं विचारून घ्या.