पळवाटेचा खड्डा

शिकागोच्या उपनगरात घर घेतलं की तळघर गळ्यात पडतंच. इथे थंडीत जमीन साडेतीन फूट खोल गोठते, पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खोदलंच आहे तर खोल्याही काढू, असा हिशेब. त्यात पाहुण्यांना झोपवायचं म्हटलं की कायदा आडवा येतो : आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. खिडकी जमिनीखाली, म्हणून तिच्यापुढे बाहेरून खड्डा खणायचा, माती ढासळू नये म्हणून भिंतीला अर्धगोल पन्हळी पत्रा बोल्टांनी आवळायचा, तळाशी खडी. खड्डा किमान 9 चौरस फुटांचा हवा. (एवढ्या जागेत मुंबईत पानाची गादी चालते.) 44 इंचांहून खोल गेला तर शिडीही लावायची.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलीकडे विश्रांतीला आले होते आणि विश्रांतीने पार कंटाळले होते. खोदकाम म्हणताच बूट घालून हजर.

खणण्याआधी इथे 811 ला फोन करावा लागतो. माणसं येऊन जमिनीखाली कुठे काय आहे त्याच्या खुणा करून जातात : गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं, सांडपाणी हिरवं, केबल नारिंगी. आमच्या हिरवळीवर झेंडेच झेंडे. सासरे खूश. “आपल्याकडे पाइप कुठे होता ते तो फुटल्यावर कळतं.”

खड्डा पाहून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

“जावईबापू, पायापाशी पाणी येऊ नये म्हणून आमची हयात गेली. तुम्ही पायाला लागून खड्डा खणताय, वर त्यात खिडकी?”

“खडीखाली नळी आहे ना. पाणी तिच्यातून जातं.”

“कुठे?”

“तळघरातल्या खड्ड्यात.”

“म्हणजे घरात?”

“तिथून पंप बाहेर फेकतो.”

“आणि वीज गेली तर?”

इथे वीज जाते ती वादळात, आणि मुसळधार पाऊसही वादळातच येतो. त्याच संध्याकाळी बॅटरीवर चालणारा दुसरा पंप मागवला.

पुढचं काम सासऱ्यांनी ताब्यात घेतलं. कामावरचे दोघे मेक्सिकोचे. त्यांना मराठी येत नव्हतं, यांना स्पॅनिश. पण पाणसळ दोन्हीकडे एकच. माती भरताना घरापासून दहा फुटांत सहा इंच उतार मिळाल्याशिवाय यांनी कुणाला जेवायला सोडलं नाही.

पावसाळा कोरडा गेला, म्हणजे तळघरात. खड्ड्यात बेडूक उतरले, शेजाऱ्यांचा चेंडू आला, एक सशाचं पिल्लू आलं आणि बाहेर पडता येईना म्हणून रुसून बसलं. शिडी माणसांसाठी असते.

तेव्हा तुम्ही हे काम काढणार असाल तर वर पारदर्शक झाकण घ्याच, आणि ते आतून किल्ली-पान्याशिवाय उघडतंय ना, ते स्वतः खाली उतरून बघा. उताराची काळजी करू नका. सासरे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. पाणसळीसकट पाठवून देतो, फक्त दुपारचा चहा वेळेवर द्या.